हातमोज्याचा नंबर

प्रशिक्षण गुरुवारी होतं, भोसरीला,
भंगाराच्या शेडमागं, पत्र्याखाली.
सतरंजी शाळेतून मागून आणलेली,
तिच्यावर कुठल्या तरी पोराची शाई सांडलेली.
मी त्या डागावरच बसले.

सरांनी भिंतीवर चित्रं पाडली:
कवटी. जाळ. उताणा मासा, वाळकं झाड.
मग एक हात, त्यावर नळीतून पडणारे थेंब
आणि हाताला पडलेलं भोक.
"यातून काय कळतं?"
सोजरमावशी म्हणाली, "ह्यो माझा हात हाय."
सगळ्या हसलो. सरसुद्धा.
तिनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला
आणि मग बराच वेळ
फक्त प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत राहिला.

बाटली काचेची होती, बूच घट्ट,
लेबल उन्हानं उडालेलं.
कुठल्या कंपनीची, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सर म्हणाले, वास घेऊन ओळखायचं नाही.
कधीच नाही.
इथं माझं अडलं.
मला अक्षर येत नाही, सर.
एकवीस वर्षं मी नाकानं वाचतेय.
थिनर लांबूनच हाक मारतं,
ॲसिड आधी दातांना कळतं,
बॅटरीचं पाणी जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतं.
आणि नासक्या अंड्याचा वास
येता येता मधेच गेला,
तर बरं झालं म्हणायचं नाही,
हातातलं टाकून पळायचं.

हे मला मुमताजनं शिकवलं.
तिला सगळं माहीत होतं.
तरी भाऊ टाकीतून ओ देईना
तेव्हा ती वाकली.

सरांनी चष्मा काढला.
म्हणाले, "परत सांगा. सावकाश."
आणि खडू खाली ठेवून
वही काढली.

मास्क चांगला होता, दोन डब्यांचा.
लावला आणि मी आंधळी झाले.
शेड तीच, गोण्या त्याच,
पण कशालाच नाव उरलं नाही.
"सवय होईल," सर म्हणाले.
होईल. वासाचीही झालीच होती.

मग डॉक्टरीणबाईंची नळी.
"फुंका. एका दमात. पोटातून."
आम्ही फुंकणीवर वाढलेल्या बाया,
ओल्या लाकडाला जाळ आणणाऱ्या,
पण काटा निम्म्यावरसुद्धा गेला नाही.
पुष्पलतानं विचारलं, "पास का नापास?"
"दर सहा महिन्यांनी यायचं."
हे काही उत्तर नव्हतं.
किंवा होतं.

शेवटी हातमोजे. खोक्यावर दहा लिहिलेलं.
दहा म्हणजे दहा जोड, असं वाटलं आम्हाला.
दहा म्हणजे मोठ्या पुरुषाचा पंजा.
घातला, तर बोटांच्या पुढं बोटभर रबर रिकामं,
सुई उचलायला गेले, तर पानाच्या देठासारखं वाकायचं.
मी सांगितलं, हे घालून मी कापून घेईन, सर,
न घालता कापून घेते त्याच्याहून जास्त.

सरांनी हजेरीचे कागद उलटे केले.
"ठेवा हात. प्रत्येकीचा नंबर काढू."
पेन्सिल बोटांच्या बेचक्यांतून फिरली,
गुदगुल्या झाल्या, कुणी दचकलं,
कुणाच्या अंगठीनं रेघ बाहेर गेली.
मला सात. पुष्पलताला साडेसहा.
आजवर माझ्या अंगाचं कुणी माप घेतलं,
ते ब्लाउजपुरतं.

सोजरमावशीचा डावा हात सातात बसला.
मग उजवा.
करंगळी आणि तिच्या शेजारचं एकाला एक चिकटलेलं,
अंगठा आत ओढलेला.
पेन्सिल मनगटापाशी आली
आणि थांबली.

"काढा की," ती म्हणाली,
"दाबून काढा.
तिथं मला काय कळत न्हाई."